न्यायमंदिराची किल्ली कोणाच्या खिशात?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात ज्यांची माणसे गेली, त्या कुटुंबांनी सौदी अरेबियाच्या सरकारविरुद्ध लावलेला दावा काढून टाकावा, ही त्या सरकारची मागणी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळली. हल्ल्याला तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती. त्या दिवशी २,९७७ निरपराध माणसे प्राणांस मुकली. विमाने पळविणाऱ्या १९ जणांपैकी १५ जण सौदी नागरिक होते. त्यांतील दोघांना कॅलिफोर्नियात आसरा मिळवून देण्यास सौदी सरकारच्या नोकरीतील माणसांनी हातभार लावला, हा वादींचा आरोप. तो सौदी सरकारला मुळीच मान्य नाही. न्यायालयाने आरोप शाबीत झाला असे म्हटलेले नाही. दावा चालविण्याजोगा पुरावा पुढे आला आहे, एवढेच म्हटले आहे. म्हणजे जवळजवळ पाव शतक उंबरठ्यावर तिष्ठत असलेल्या माणसांना आत पाऊल टाकण्याची परवानगी मिळाली, इतकाच या निर्णयाचा अर्थ. तरीही तो लहान नाही. कारण एका सार्वभौम राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्रातील सामान्य नागरिकाने न्यायासनासमोर उभे करावे, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासात आजवर जवळजवळ अशक्यच मानली गेली होती.

ती अशक्य का मानली गेली, हे आधी समजून घेतले पाहिजे. राजा राजाचा न्याय करीत नाही, कारण दोघेही समान पदाचे, हे जुने सूत्र. राजे गेले, राष्ट्रे आली, पण सूत्र कायम राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१२ साली दिलेला एक निकाल या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. दोघा अमेरिकी नागरिकांच्या मालकीचे एक शिडाचे जहाज नेपोलियनच्या आरमाराने समुद्रात बळकावले आणि त्यावर तोफा चढवून त्याची युद्धनौका केली. पुढे तीच नौका वादळामुळे फिलाडेल्फियाच्या बंदरात आसऱ्याला आली. मूळ मालकांनी आपले जहाज ओळखले आणि न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठविले. जहाज तुमचे असेलही, परंतु आज ते एका मित्रराष्ट्राची युद्धनौका आहे आणि परराष्ट्राच्या सार्वभौम कृत्याचा झाडा आमचे न्यायालय घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ. तुमची फिर्याद सरकारकडे न्या, सरकार मुत्सद्द्यांमार्फत काय ते पाहील! तेव्हापासून जगातील बहुतेक पीडितांना हेच उत्तर मिळत आले आहे.

या कवचाला पहिली भेग पाडली ती व्यापाराने. विसाव्या शतकात सरकारे स्वतःच जहाजे चालवू लागली, सिमेंट विकत घेऊ लागली, कर्जे काढू लागली. दुकान मांडून बसलेल्या सरकारला दुकानदाराचेच नियम लागू झाले पाहिजेत, हा विचार रूढ झाला आणि अमेरिकेने १९७६ साली कायदा करून तो पक्का केला. परंतु पैसे बुडविणाऱ्या परराष्ट्रावर दावा लागू लागला, तरी माणसे मारविणाऱ्या परराष्ट्रावर लागेना. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान बाँबस्फोटाने कोसळले. विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११ माणसे ठार झाली. मृतांच्या वारसांनी लिबियाविरुद्ध दावे लावले तेव्हा याच कवचाच्या आधारे ते फेटाळले गेले. त्या वारसांच्या आणि इतर पीडितांच्या चिकाटीमुळे १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने दहशतवादाचा अपवाद कायद्यात घातला. मात्र त्याला एक अट जोडली. ज्या राष्ट्रांची नावे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 'दहशतवादाचे पुरस्कर्ते' म्हणून यादीत घातली असतील, त्यांच्यावरच दावा लागावा. इतरांवर नाही.

आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म या एका अटीत आहे. न्यायालयाचे दार उघडले खरे, पण त्याची किल्ली न्यायाधीशाच्या हाती न देता परराष्ट्र खात्याच्या खिशात ठेवली. आणि परराष्ट्र खाते किल्ली कशी फिरवते, याचा इतिहास बोलका आहे. १९७९ साली ही यादी प्रथम तयार झाली तेव्हा तीत इराक होता. १९८२ साली इराण-इराक युद्धात इराकला मदत करणे अमेरिकेला सोयीचे वाटले, तेव्हा इराकचे नाव काढले गेले. १९९० साली इराकने कुवेत गिळले, तेव्हा ते पुन्हा आले. २००३ मध्ये सद्दाम हुसेन यांची सत्ता गेली आणि बगदादमध्ये अमेरिकेच्या मर्जीतील राजवट आली. २००४ साली नाव पुन्हा निघाले. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या कैदेत छळ सोसलेल्या अमेरिकी सैनिकांनी इराकविरुद्ध दावा जिंकून ९५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा २००३ साली मिळविला होता. तो उलथविण्यासाठी न्यायालयात कोण उभे राहिले? इराक नव्हे, तर ज्या देशासाठी ते लढले होते त्या देशाचे सरकार! २००४ मध्ये तो हुकूमनामा रद्द झाला. सैनिकांच्या अंगावरचे वळ तेच होते, छळ करणारे तुरुंगही तेच होते. बदलली होती ती फक्त मैत्री.

लिबियाची कथा निराळी दिसते, पण तिचा धागा हाच. २००३ साली लिबियाने लॉकर्बीच्या प्रत्येक मृतामागे एक कोटी डॉलरपर्यंत, एकूण सुमारे २७० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. परंतु हप्ते कसे ठरले ते पाहावे. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की चाळीस टक्के, अमेरिकेचे निर्बंध उठले की आणखी चाळीस टक्के आणि यादीतून नाव निघाले की उरलेले वीस टक्के. मृतांच्या वारसांची भरपाई दोन सरकारांच्या सौद्यातील चलन बनली. सुदानबाबतही तेच घडले. १९९८ साली नैरोबी आणि दारेसलाम येथील अमेरिकी वकिलातींवर झालेल्या स्फोटांत २२४ माणसे मेली. त्यांतील फार मोठी संख्या केनिया आणि टांझानियाच्या नागरिकांची होती. यादीतून नाव निघावे म्हणून सुदानने ३३ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले आणि डिसेंबर २०२० मध्ये नाव निघाले. त्या रकमेच्या वाटपात अमेरिकी मृताच्या वारसाला जे मिळावयाचे ते आफ्रिकी मृताच्या वारसापेक्षा कितीतरी पटींनी अधिक ठरले. एकाच इमारतीत, एकाच क्षणी, एकाच स्फोटात मेलेल्या माणसांच्या प्राणांचे मोल पारपत्राच्या रंगावरून ठरावे, याला न्याय म्हणावयाचे तर अन्याय कशाला म्हणणार?

सौदी अरेबिया या यादीत कधीच नव्हता. तो तेल देतो, शस्त्रे विकत घेतो. तेव्हा त्याचे नाव यादीत येणार तरी कसे? म्हणूनच ९/११ च्या पीडितांनी यादीला वळसा घालणारा कायदा मागितला. 'दहशतवादाच्या आश्रयदात्यांविरुद्ध न्याय' या नावाचा तो कायदा २०१६ साली काँग्रेसने संमत केला. अमेरिकेच्या भूमीवर दहशतवादी हल्ला होऊन हानी झाली, तर त्याला हातभार लावणाऱ्या कोणत्याही परराष्ट्रावर, ते यादीत असो वा नसो, दावा लावता यावा, असा त्याचा आशय. अध्यक्ष ओबामा यांनी २३ सप्टेंबर २०१६ रोजी तो नाकारला. आज आपण इतरांवर दावे लावू लागलो तर उद्या इतर देश आपल्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना त्यांच्या न्यायालयांत खेचतील, हा त्यांचा आक्षेप. पाचच दिवसांत सिनेटने ९७ विरुद्ध १ आणि प्रतिनिधिगृहाने ३४८ विरुद्ध ७७ मतांनी अध्यक्षांचा नकार धुडकावला. ओबामांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत असा प्रसंग एकदाच आला. निवडणूक तोंडावर असताना मृतांच्या नातलगांना 'नाही' म्हणण्याची छाती कोणाची? गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या नेत्यांनी कायद्याच्या परिणामांचा पुरेसा विचार झाला नाही, अशी कुरकुर सुरू केली.

या कायद्यातही दोन चोरवाटा राखलेल्या आहेतच. परराष्ट्रमंत्र्यांनी 'त्या राष्ट्राशी आमच्या वाटाघाटी चालू आहेत' असे प्रमाणपत्र दिले, की न्यायालय दावा १८० दिवस थांबवू शकते आणि ही मुदत पुढे वाढविताही येते. शिवाय हुकूमनामा मिळाला तरी परराष्ट्राच्या मालमत्तेवर जप्ती आणण्याचा नवा अधिकार हा कायदा देत नाही. वकिलीच्या धंद्यातील कोणीही सांगेल की दावा जिंकणे ही अर्धीच लढाई असते. खरी लढाई दरखास्तीच्या वेळी सुरू होते. इराणविरुद्ध अमेरिकी न्यायालयांनी अब्जावधी डॉलरचे हुकूमनामे दिले. १९८३ साली बैरूतमध्ये अमेरिकी सैनिकांच्या तळावर झालेल्या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मेले. त्यांच्या वारसांना इराणच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे १७५ कोटी डॉलरची ठेव मिळावी, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला, म्हणजे तेहतीस वर्षांनी! त्याविरुद्ध इराण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मध्यवर्ती बँकेचा प्रश्न आपल्या कक्षेत येत नाही असे त्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले, पण इतर इराणी कंपन्यांच्या बाबतीत अमेरिकेने १९५५ च्या मैत्रीकराराचा भंग केल्याचा ठपका ठेवला. इकडे तेहरान आणि हवाना येथील न्यायालयेही अमेरिकेविरुद्ध अब्जावधींचे हुकूमनामे देऊन मोकळी झाली. कागदाला कागद, निकालाला निकाल! वारसांच्या घरी मात्र चूल त्या कागदावर पेटत नाही.

हे सर्व दूरदेशीचे राजकारण म्हणून वाचून बाजूला ठेवावे, असे आमच्या वाचकांपैकी कोणाला वाटत असेल तर त्यांनी २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. मुंबईवरील त्या हल्ल्यात १६६ माणसे बळी पडली. मारेकरी आले ते आपल्याच अरबी समुद्रावरून आणि त्यांचा पहिला बळी होता 'कुबेर' नावाचा पोरबंदरचा मासेमारी ट्रॉलर. त्यावरील तांडेल आणि खलाशी असे पाचही जण ठार करण्यात आले. दर्यावर पोट असलेल्या आमच्या किनाऱ्याला या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईची पाहणी करणारा डेव्हिड हेडली २००९ साली गोव्यातही येऊन गेला होता आणि येथील ज्यूधर्मीयांच्या केंद्राची टेहळणी त्याने केली होती. पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तहेर संघटनेतील अधिकारी आपल्याला पैसा आणि सूचना देत होता, अशी साक्ष याच हेडलीने २०११ साली शिकागोच्या न्यायालयात शपथेवर दिली. पाकिस्तानने तो आरोप नेहमीच नाकारला आहे.

मुंबईत मारल्या गेलेल्यांत सहा अमेरिकी नागरिक होते. नरिमन हाऊसमधील मृतांच्या नातलगांनी २०१० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन येथील संघराज्य न्यायालयात लष्कर-ए-तोयबा, आयएसआय आणि तिचे प्रमुख यांच्याविरुद्ध दावा लावला. अमेरिकेचे सरकार आपल्याच नागरिकांच्या वारसांच्या पाठीशी उभे राहील, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे. डिसेंबर २०१२ मध्ये त्या सरकारने न्यायालयाला लेखी कळविले की आयएसआय हे परराष्ट्र शासनाचे अंग आहे, सबब तिच्यावर दावा चालू शकत नाही आणि तिच्या माजी प्रमुखांवरही चालू शकत नाही. २०१३ साली न्यायालयाने त्यांना दाव्यातून वगळले आणि २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पाकिस्तान यादीत नव्हता. अफगाणिस्तानातील अमेरिकी फौजेची रसद त्याच्याच भूमीवरून जात होती. २०१६ चा कायदाही मुंबईच्या वारसांच्या उपयोगाचा नाही, कारण हानी अमेरिकेच्या भूमीवर झालेली असली पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मेलेल्यासाठी एक न्याय आणि मुंबईत मेलेल्यासाठी दुसरा! 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आपण घरगुती पक्षपातासाठी वापरतो. येथे तर मुंबईत मेलेला बाब्याही आपलाच होता, तरी त्याला कार्ट्याच्या रांगेत उभे केले गेले.

परंतु अमेरिकेला बोल लावून आपली सुटका होत नाही. आपल्या देशातील कायदा काय सांगतो? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमानुसार केंद्र सरकारच्या सचिवाच्या सहीच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही परराष्ट्रावर भारतीय न्यायालयात दावा लागत नाही. ही संमती सरकारला मनास येईल तेव्हा देता येते असेही नाही. परराष्ट्राने स्वतः त्या माणसावर दावा लावला असेल, ते येथे व्यापार करीत असेल, येथील स्थावर मालमत्तेबाबत वाद असेल किंवा त्याने आपला हक्क सोडला असेल, तरच संमती द्यावी, असे बंधन आहे. परराष्ट्राच्या घरात भाड्याने राहणाऱ्या भाडेकरूला तर संमतीवाचूनही दावा लावता येतो. अल्जीरियाच्या वकिलातीने दुरुस्तीकामाचे पैसे थकविले म्हणून एक ठेकेदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १९८६ साली त्या न्यायालयाने सरकारला बजावले की संमती नाकारावयाची तर कारणे द्या, अर्जदाराचे म्हणणे ऐका, मनमानी चालणार नाही. उत्तम निर्णय! पण आज ठेकेदाराच्या बिलाला वाट आहे, भाडेकरूच्या खोलीला वाट आहे, आणि ज्याचा मुलगा रेल्वे स्थानकावर गोळ्यांनी चाळण होऊन पडला त्या बापाला वाट नाही. सरकारने उद्या संमती द्यावयाची ठरविली तरी ८६ वे कलम तिला आडवे येते. १९०८ साली ही संहिता रचणाऱ्यांना अशा दिवसाची कल्पना नव्हती, हे समजू शकते. आजच्या संसदेला ती नाही असे कोण म्हणेल?

आणि मुत्सद्द्यांवर विसंबून राहिले तर काय होते, हे गोमंतकाला दुसऱ्याकडून शिकावयाचे नाही. गोव्यातील कित्येक कुटुंबांनी 'बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु' या पोर्तुगीज बँकेकडे तारण ठेवलेले दागिने १९६१ च्या मुक्तीपूर्वी लिस्बनला रवाना झाले. कर्जदार फेडीला तयार असला तरी वस्तू समुद्रापलीकडे. ते सोने परत आले १९९१ साली, दोन सरकारांमधील संबंध सुधारल्यावर. तीस वर्षांत एक पिढी सरते. सोन्याची गोष्ट निदान परत येण्याजोगी होती. २६ नोव्हेंबरला गेलेली माणसे परत येणारी नाहीत. उरते ती फक्त दोषाची कबुली आणि भरपाई. तीही मुत्सद्द्यांच्या सवडीवर सोडावयाची काय?

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ओबामांचा आक्षेप केवळ बलाढ्यांच्या सोयीचा नव्हता. भारतात दहशतवादी म्हणून घोषित झालेल्या एका खलिस्तानवाद्याने सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात थेट भारत सरकार आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. आपल्या परराष्ट्र खात्याने तो सर्वस्वी अनाठायी आणि निराधार ठरविला. उद्या आपण ८६ वे कलम सरसकट मोडीत काढले, तर लाहोरचे एखादे न्यायालय बलुचिस्तानातील प्रत्येक स्फोटाचे खापर भारतावर फोडून हुकूमनामे काढू लागेल. सार्वभौमत्वाचे हे कवच दुर्बलांनाही वाचविते. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात केलेल्या अत्याचारांबाबत इटलीच्या न्यायालयांनी दिलेले निकाल हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये बेकायदा ठरविले ते याच तत्त्वावर. अपराध कितीही घोर असला तरी एका राष्ट्राचे न्यायालय दुसऱ्या राष्ट्राचा न्याय करू शकत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. इटलीच्या घटना-न्यायालयाने दोनच वर्षांत ते मानण्यास नकार दिला, ही गोष्ट वेगळी. तेव्हा अमेरिकी कायद्याची नक्कल करा, अशी मागणी आम्ही करीत नाही. बलवानाच्या हाती तो कायदा शस्त्र होतो. आपल्या हाती तो कदाचित उलटून आपल्यालाच लागेल.

मग करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांपैकी एकीसाठीही परराष्ट्राशी युद्ध करावे लागत नाही. पहिली, भरपाईचा भार सरकारने आपल्या शिरावर घ्यावा. नागरी बळींसाठी केंद्राची योजना २००८ पासून आहे. मृतामागे आरंभी तीन लाख आणि पुढे पाच लाख रुपये ही तिची मर्यादा. कर्त्या माणसाच्या मृत्यूचे हे मोल नव्हे, ही अंत्यविधीची सोय आहे. मोटार अपघातात मेलेल्याच्या वारसाला न्यायाधिकरणापुढे मृताचे वय आणि मिळकत यांचा हिशेब मांडून दाद मागता येते. दहशतवादाच्या बळीला तेवढा तरी हक्क असावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भरपाई दिल्यानंतर वारसाचा परराष्ट्राविरुद्धचा हक्क सरकारने स्वतःच्या नावावर घ्यावा आणि परराष्ट्राचा सहभाग होता की नाही, याचा निर्णय उच्च न्यायालयाच्या दर्जाच्या न्यायपीठाने उघड चौकशीत, कडक पुराव्यानिशी द्यावा. त्यासाठी ८६ व्या कलमात दहशतवादाचा अपवाद घालावा. पण अमेरिकेप्रमाणे यादी करू नये. कोण मित्र आणि कोण शत्रू हे सरकारने ठरवावे, कोण दोषी हे न्यायाधीशाने. सरकारला परराष्ट्रसंबंधांसाठी दावा थांबवावा असे वाटले, तर त्याने तसे लेखी, कारणांसह आणि ठरावीक मुदतीपुरते सांगावे आणि त्या कारणांची न्यायालयाने तपासणी करावी. १९८६ च्या निकालातील तत्त्व तेच आहे. फक्त ते ठेकेदाराच्या बिलापासून माणसाच्या प्राणांपर्यंत न्यावयाचे आहे. कसाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हल्ल्याचा कट पाकिस्तानच्या भूमीवर शिजल्याचे नमूद केलेच आहे. पुरावा नाही म्हणून आपण थांबलेलो नाही. पुरावा दिवाणी न्यायासनापुढे नेण्याची वाट नाही म्हणून थांबलो आहोत.

तिसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय. दहशतवादाविरुद्ध सर्वंकष करार व्हावा, हा मसुदा भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. अमेरिकेने दहशतवादाचा अपवाद कायद्यात घातला तेही तेच वर्ष. अमेरिकेचा कायदा झाला, भारताचा मसुदा मात्र 'दहशतवादी कोणाला म्हणावे' या वादात अडकून पडला. त्या मसुद्यात पीडितांच्या भरपाईचे आणि सर्व राष्ट्रांना समान लागू होणाऱ्या दायित्वाचे कलम घालण्याचा आग्रह भारताने धरावा. असा करार होईल तेव्हा होवो. पण ज्याची इतकी माणसे मारली गेली त्याने तरी मागणी पूर्ण मांडावी.

यातून पाकिस्तानकडून एक पैसाही वसूल होणार नाही, असे म्हणणारे भेटतील. बहुधा होणारही नाही. त्याची जप्तीयोग्य मालमत्ता आपल्या देशात नाही आणि वकिलातीच्या इमारतीला व्हिएन्ना कराराचे संरक्षण आहे. परंतु न्यायालयाचा निकाल म्हणजे केवळ पैशाचा हिशेब नव्हे. पुरावे तपासून, प्रतिपक्षाला बोलण्याची पूर्ण संधी देऊन, नोंदविलेले सत्य ही एक स्वतंत्र वस्तू आहे. ती सरकारे बदलली तरी बदलत नाही. मैत्रीचे वारे फिरले की यादीतील नावे पुसली जातात. न्यायालयाच्या निकालपत्रातील वाक्य पुसता येत नाही. न्यूयॉर्कच्या वारसांनी चोवीस वर्षे ज्याच्यासाठी वाट पाहिली, ते बहुतांशी हेच आहे. आमची माणसे कोणामुळे मेली ते कोणीतरी अधिकाराने, शपथेवरच्या पुराव्यानिशी आम्हाला सांगा, एवढीच त्यांची मागणी.

'कुबेर'वरील त्या पाच जणांच्या घरच्यांना आणि मुंबईच्या १६६ मृतांच्या वारसांना तीच गोष्ट विचारण्याचा तितकाच अधिकार आहे. तो त्यांना परदेशातील न्यायालय देणार नाही, हे आता सिद्ध झाले आहे. तो त्यांच्या स्वतःच्या संसदेनेच द्यावयास हवा. संसदेत या प्रश्नावर कोणत्याही पक्षाला विरोधाची सबब सांगता येणार नाही. तेव्हा विलंब झालाच तर तो अनास्थेचा असेल. गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या खासदारांनी ८६ व्या कलमाच्या दुरुस्तीचे अशासकीय विधेयक मांडून आरंभ करावा, अशी आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे.